बिनकडीची दारे

हॉटेलच्या माहितीपत्रकानुसार हे हॉटेल एका कप्तानाने बांधले. जहाज फुटले, कप्तान एका फळीला धरून बेटाच्या किनाऱ्याला लागला, डोळे उघडताच त्याला समोर मावळता सूर्य दिसला आणि इथेच आपल्या पत्नीसाठी एक वास्तू उभारायची असे त्याने ठरवले. माहितीपत्रक जाड, दुधी कागदावर छापलेले आहे. कप्तानाला दाढी आहे. उणीव असलीच तर एवढीच, की असा कप्तान कधी नव्हता, त्याला पत्नी नव्हती, आणि हॉटेलचे तोंड पूर्वेला असल्यामुळे तिथून मावळता सूर्य दिसायचा तर पृथ्वीला उलटे फिरावे लागले असते.

हाच इतिहास 'जरा सविस्तर' लिहून देण्यासाठी मला नेमण्यात आले होते.

खरी हकीकत कमी देखणी आहे. बेटाच्या पूर्वेला खडक पाण्यात उभा उतरतो आणि बोट लागण्याजोगी जागा एकच आहे. तिथे बेटावरच्या लोकांनी धक्का बांधला आणि धक्क्याच्या तोंडाशी, बोटीची वाट पाहताना डोक्यावर काही असावे म्हणून, एक शेड उभारली. शेडला दोन दारे होती. एक गावाकडे, दुसरे पाण्याकडे. वारा चढला की बोट येत नसे आणि माणसे अडकून पडत. अडकलेल्या माणसाला भूक लागते, हा हॉटेलव्यवसायाचा मूळ सिद्धांत सर्वप्रथम एका नावाड्याच्या विधवेच्या ध्यानात आला. तिने शेडच्या कडेला चूल मांडली. मग निजायला एक खोली काढली, मग दुसरी, मग माडी. टपालाची बोट इथे थांबू लागली तेव्हा खाटा वाढल्या. साथीच्या भयाने मोठी जहाजे बंदराबाहेर खोळंबवून ठेवत, तेव्हा त्यांतले धडधाकट उतारू इथे आणून सोडत आणि ते धडधाकट असल्यामुळे पुष्कळ खात. फुटलेल्या जहाजांच्या तुळया जिन्याला लागल्या, त्यांच्या काचा जेवणघराला. समुद्राने या इमारतीला गिऱ्हाईक दिले, लाकूड दिले आणि अधूनमधून एखादी खोलीही परत नेली. काट्याभोवती मांस वाढावे तसे शेडभोवती हॉटेल वाढले. शेड मात्र जिथल्या तिथे राहिली. आज तिला 'भव्य स्वागतदालन' म्हणतात आणि तिच्या छताला झुंबर आहे.

त्यामुळे इथली एक रीत अन्य कोणत्याही हॉटेलात सापडणार नाही. बोटीचा भोंगा झाला की दालनाची दोन्ही दारे उघडत आणि मुख्य वेटर शांत, खणखणीत आवाजात म्हणे, "पाय आत." आरामखुर्च्यांत पसरलेले पाहुणे पाय आत ओढून घेत. मग त्यांच्या गुडघ्यांसमोरून अख्खे गाव बोटीकडे जाई: टोपल्या, गाठोडी, कोंबड्यांचे खुराडे, खुर्चीवर बसवून नेलेले आजारी, आणि प्रसंगी उचलून नेलेले मेलेलेही. एका मंत्र्याने पाय आत घेतले नव्हते. त्याच्या बुटांवरून शेळी कशी गेली, ते बेटावर अजून चवीने सांगतात.

पुढे सागरी सेतू झाला. तो बेटाच्या पलीकडच्या टोकाला उतरतो आणि लांबून फार डौलदार दिसतो. लांबूनच पाहावा लागतो, कारण त्यावर पायी चालायला बंदी आहे, सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही बंदी आहे. बेट जगाशी जोडले गेले, असे उद्‌घाटनात सांगितले गेले. बेटावरची बहुतेक माणसे, जोडली गेल्यानंतरही, बोटीनेच ये-जा करत राहिली. सेतूवरून आल्या त्या मोटारी, आणि मोटारींतून आली ती कंपनी, जिने हॉटेल विकत घेतले.

माझी मावशी त्या हॉटेलच्या धुलाईखान्याची प्रमुख होती. कंपनीने चादरी सेतूवरून शहरातल्या यंत्रांकडे धाडायला सुरुवात केली तेव्हा मावशीने आणखी चौघींना घेऊन स्वतःचा धुलाईखाना काढला. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळाच्या चादरी त्या धुतात. मळक्या बोटीने येतात, धुतलेल्या बोटीने जातात. कामानिमित्त बेटावर गेले तेव्हा मी तिच्याकडेच उतरले.

"मग, लिहिलंस का त्यांच्या कप्तानाचं?" तिने विचारले. चादरीची दोन टोके माझ्या हाती देऊन ती पलीकडे उभी होती. "ओढ. नीट ओढ. एवढं शिकवलं तुला, चादर ओढायला नाही शिकवली कुणी."

"कप्तान नव्हताच, मावशी."

"मला काय सांगतेस? त्यांना सांग."

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"हसले."

"हसायलाच ठेवलेत ते. पगार असतो त्याचा." तिने टोके जुळवली आणि घडी माझ्याकडून काढून घेतली. "दालन नवं केलंय ना, त्याच्या उद्‌घाटनापासून तिथून जायचं नाही म्हणे आम्ही. मागच्या बाजूनं उतरा. मागे काय आहे? खडक. पाठीवर गाठोडं घेऊन खडकावरून उतरायला मी काय खेकडा आहे?"

"त्यांनी हे लेखी दिलंय?"

"बाई गं, तुझं सगळं लेखीवर. दारात दोन धिप्पाड माणसं उभी केल्येत, ती वाचता येतात की." मग तिचा सूर उतरला. "बंदरखात्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, धक्क्याला लोकांची वाट नसेल, तर तो धक्का हॉटेलचा. मग बोटीचा परवाना पुन्हा मिळायचा नाही. बोट गेली की इस्पितळ गेलं. इस्पितळ गेलं की आम्ही पाचही जणी तुझ्याकडे राहायला. केवढी आहे तुझी खोली?"

"पुस्तकांनी भरलीये."

"आणि पुस्तकं धुता येत नाहीत. म्हणजे तिथंही काम नाही." तिने दुसरी चादर झटकली. "धर."

कंपनीच्या संचालकांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावले. हे गृहस्थ मृदू बोलतात आणि समोरच्याला चहा स्वतः ओतून देतात. माझे हस्तलिखित त्यांच्या मेजावर होते. दालनाचे प्रकरण वेगळे काढून बाजूला ठेवलेले होते, घासातून निघालेला खडा ताटाच्या कडेला ठेवतात तसे.

"मॅडम, तुमचं संशोधन फार खोल आहे," ते म्हणाले. 'खोल' हा शब्द अशा लोकांच्या तोंडी नेहमी बुडवण्याच्या अगोदर येतो. "पण हे शेडचं प्रकरण. आमचा पाहुणा शेडमध्ये राहायला येत नाही."

"तो शेडमध्येच बसतो. फक्त त्याला तसं सांगितलेलं नाही."

ते हसले. मावशीचे म्हणणे खरे होते. हसण्यात सफाई होती. "आपण मधला मार्ग काढू. कप्तान राहू दे. आणि गावकऱ्यांबद्दल एक वाक्य घालू, छान, भावनिक. मालकांनी बेटावरच्या साध्या माणसांना दालनातून जाण्याची प्रेमानं मुभा दिली होती."

अनेक साम्राज्यांची दप्तरे मी चाळली आहेत. दुसऱ्याची वस्तू बळकावताना शस्त्र नेहमी नंतर येते. आधी येते ते असे एखादे प्रेमळ क्रियापद. मुभा दिली. आश्रय दिला. सामावून घेतले. देणारा एकदा व्याकरणात शिरला की घेणाऱ्याला बाहेर काढणे सोपे जाते, कारण दिलेली मुभा काढून घेता येते.

"मालक नव्हते तेव्हा वाट होती," मी म्हणाले. "मुभा कुणी दिलीच असेल, तर ती लोकांनी त्या विधवेला. वाटेच्या कडेला चूल मांडायची."

"याला पुरावा काय?"

"शेड बांधली त्या सालच्या वर्तमानपत्रातला वृत्तांत जोडलाय. शेवटी."

"वर्तमानपत्रं काहीही छापतात, मॅडम. आम्हीच रोज छापून आणतो." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "उद्‌घाटनाला वारसा मंडळाचे लोक येतील. आपलं दालन त्यांनी संरक्षित म्हणून मान्य केलंय. करात मोठी सवलत आहे. तुम्ही पाहुण्यांसमोर थोडं बोला. कप्तानापर्यंतच थांबा. दालनाचं प्रकरण आपण काढतोय, आणि दारं त्या दिवसापासून बंद राहतील. जाता जाता दारं पाहून घ्या. आमच्या वास्तुविशारदांनी कमाल केलीये."

वास्तुविशारद दारांपाशीच सापडले. ते तिथून हलत नसत, असे कळले. बॉयलरच्या खोलीवरच्या माळ्यावर मोडक्या पलंगांखाली त्यांना ही दारे मिळाली होती. मधल्या काळातली काचेची दारे काढून त्यांनी ती पुन्हा मूळ जागी चढवली होती. शेजारी पितळी पाटी होती: मूळ दारे, एक खिळाही बदललेला नाही. माणूस सच्चा होता. लाकडावरून तो हात फिरवत होता, तापातल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"बिजागऱ्या बघा. हाताने ठोकलेल्या. रंगाचे जुने थर मी ब्लेडनं काढलेत, एकेक. मंडळानं दालनाला मान्यता दिली ती या दारांवर. ही नसती तर काही नव्हतं इथं. झुंबर तर परवा आणलंय."

मी दार ओढून पाहिले. जड, पण न कुरकुरता आले. मग मला जे दिसत नव्हते ते दिसले.

"कडी कुठे आहे?"

"नव्हतीच." त्यांचा चेहरा उजळला, हा प्रश्न विचारण्याइतके सभ्य आजवर कोणी निघाले नव्हते. "कडी नाही, कोयंडा नाही, अडसराची खोबणी नाही. भिंग लावून पाहिलं मी. लाकडात बुजवलेलं भोकसुद्धा नाही. चौकट तपासली. दुसऱ्या दाराचंही तेच. मूळ कारागिरानं बसवली नाही, म्हणून मीही नाही बसवली. संचालक मागे लागले होते. मी म्हटलं, एक स्क्रू आत गेला तर मान्यता गेली. काय शुद्धता आहे, बघा."

"का बसवली नसेल?"

"सौंदर्यदृष्टी. त्या काळचा साधेपणा."

मी मान डोलावली. इतका कुशल माणूस, दारासमोर वर्षभर भिंग घेऊन बसला, आणि दार हे बंद करण्यासाठी असते, हे त्याच्या मनात एकदाही आले नाही. समुद्राकडे उघडणारे दार. वादळी हवेच्या तोंडावर. दोन्ही बाजूंनी बंद न करता येणारे. जिथे रात्री-अपरात्री वाट पाहणारा माणूस बाहेर राहू नये, तिथेच सुतार असे दार करतो. कंपनीने आपल्या पैशाने माळ्यावरून गावाचा हक्क खाली उतरवला होता, तेल पाजले होते आणि त्याला पितळी पाटी लावली होती.

मावशीला मी हे सांगितले तेव्हा तिने हातातली चादर दोरीवर टाकली. मग म्हणाली, "उद्‌घाटन किती वाजता आहे?"

दालनात मखमली खुर्च्या मांडल्या होत्या, गावाच्या दारापासून पाण्याच्या दारापर्यंत मधोमध वाट सोडून, कारण छायाचित्रकाराला तशीच हवी होती. दोन्ही दारे लोटलेली. प्रत्येकापाशी एक रक्षक. पाण्याच्या दाराजवळ जुना मुख्य वेटर उभा होता. बेटावर त्याला थोरले म्हणतात. त्याच्या पांढऱ्या मिशांमुळे कंपनीने त्याला ठेवून घेतले होते आणि बोलायचे नाही, फक्त उभे राहायचे, असे बजावले होते. पहिल्या रांगेत वारसा मंडळाच्या अध्यक्षबाई, पाय ऐसपैस लांब करून.

मी कप्तानापासूनच सुरुवात केली. "हॉटेलच्या माहितीपत्रकात एक कप्तान आहेत," मी म्हणाले, "त्यांना पूर्वेला मावळणारा सूर्य दिसल्याचे नमूद आहे. फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या माणसाला काहीही दिसू शकते, म्हणून त्यांना आपण इथेच विश्रांती देऊ. माझा विषय दारे आहे."

संचालकांनी कपाळाला बोट लावले.

मी शेडबद्दल सांगितले, विधवेबद्दल, टपालबोटीबद्दल. मग अध्यक्षबाईंना विनंती केली की त्यांनी वळून दारांवर कडी शोधावी. त्या वळल्या. मंडळाचे इतर सभासदही वळले. समारंभात कडी शोधण्याची संधी वारंवार येत नाही, त्यामुळे मागच्या रांगांनीही माना लांबवल्या.

"कडी नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नव्हतीच कधी. हे दालन म्हणजे रस्ता आहे, त्याच्यावर छप्पर आहे. रस्त्याला कडी लावत नाहीत. आजपासून ही दारे बंद राहणार आहेत, असे मला सांगण्यात आले आहे. म्हणून मंडळाला एकच विचारते. दारे मूळची असतील, तर ही वाटही मूळची आहे आणि ती बंद करणे हा मूळ वास्तूतला बदल आहे. आणि वाट मूळची नसेल, तर ही दारे कुठली आहेत?"

संचालक उठले. आवाज अजून मऊच होता. "मॅडम विद्वान आहेत. आता, दारं नक्की किती जुनी, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद असू—"

"मतभेद?" हा आवाज वास्तुविशारदांचा होता. ते खुर्चीवरून उठले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. "कुणाचे मतभेद? मूळ आहेत. मी शपथेवर सांगतो. दोन्ही. कुठेही लिहून देतो."

"आपण बसा," संचालक म्हणाले.

"बसत नाही मी. एक वर्ष घातलंय इथं."

तेवढ्यात भोंगा झाला.

बोटवाल्याचे टोपणनाव 'वेळेवर' आहे, कारण तो कधीच वेळेवर येत नाही. त्या दिवशी तो बरोबर वेळेवर कसा आला, असे मी नंतर मावशीला विचारले. "त्याला मी दोन तास आधीची वेळ सांगितली होती," ती म्हणाली. "त्याच्या मते तो उशिराच आलाय."

भोंग्याचा आवाज झुंबराच्या लोलकांतून किणकिणत गेला. थोरल्यांनी मान वर केली. त्यांनी बंडखोरी केली असे मी म्हणणार नाही. इतिहासकाराने अशा वेळी जपून राहावे. त्यांचा एक हात मागे गेला, दार उघडले, आणि उभ्या आयुष्यात जे वाक्य त्यांनी सर्वाधिक वेळा उच्चारले असेल ते त्याच शांत, खणखणीत आवाजात बाहेर पडले.

"पाय आत."

अध्यक्षबाईंनी पाय आत घेतले. पूर्ण पहिल्या रांगेने घेतले. संचालकांनीही घेतले; ते उभे होते, म्हणून एक पाऊल मागे सरकले, आणि वाट पूर्ण मोकळी झाली.

गावाकडचे दार बाहेरून ढकलले गेले. पुढे मावशी, खांद्यावर गाठोडे. मागे तिच्या चौघी. मग खुराडे घेतलेला एक म्हातारा, सायकल हातात धरलेले शाळामास्तर, दिवस भरत आलेली एक सून आणि तिच्या पाठीला हात लावलेली सासू. रक्षकाने हात आडवा केला.

"बाळा," मावशी म्हणाली, "या इस्पितळाच्या चादरी आहेत. परवा तुझ्या आईचं ऑपरेशन झालं ना? तिच्या खालची यातच असेल. धरतोस का एक गाठोडं?"

त्याने धरले. छायाचित्रकार, बिचारा, दुपारपासून काहीतरी घडण्याची वाट पाहत होता. त्याने एकही क्षण सोडला नाही. माणसे मखमली खुर्च्यांच्या मधून गेली, घाई न करता, आणि मावशीने जाता जाता पितळी पाटी पदराने पुसली.

"संचालक," अध्यक्षबाई पाय आतच ठेवून म्हणाल्या, "तुमचे तज्ज्ञ म्हणतात दारं मूळ आहेत. तुम्ही काय म्हणता? विचार करून सांगा. मी तेच नोंदवणार आहे."

संचालकांनी वास्तुविशारदांकडे पाहिले, मग छताकडे, जिथे करातली सवलत झुंबराच्या रूपाने लटकत होती.

"मूळ आहेत," ते म्हणाले.

माझे काम त्याच संध्याकाळी संपुष्टात आणण्यात आले. इतिहास छापला गेला आहे. त्यात कप्तान आहे, आणि आता त्याला एक पाळीव पोपटही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशी आणि तिच्या चौघींबरोबर बोटीला निघाले. गावाचे दार उघडे होते. पाण्याच्या दारासमोर मात्र रात्रीतून एक सोफा येऊन बसला होता: कातडी, तीन आसनी, नौकांच्या नक्षीचा, आणि भिंतीसारखा जड. वास्तूत बदल नव्हता. एक स्क्रूही आत गेला नव्हता. रक्षक शेजारी उभा राहून समुद्राकडे पाहत होता.

मावशीने गाठोडे खाली ठेवले आणि सोफ्याभोवती एक फेरी मारली. हाताने दाबून पाहिले.

"चांगला आहे," ती म्हणाली. "धक्क्यावर बसायला इतकी वर्षं काही नव्हतंच. किती वेळा अर्ज केला होता आपण."

"मावशी, तो त्यांचा आहे," रक्षक म्हणाला.

"मग त्यांचाच राहील की. आम्ही कुठं घरी नेतोय? रस्त्यात पडला होता, कडेला ठेवतो." ती माझ्याकडे वळली. "बघतेस काय, विदुषी? त्या बाजूला धर. चादरीसारखं. नीट धर."

चौघींनी चार कोपरे घेतले, मी आणि मावशीने मधला भाग, आणि ओले गाठोडे उचलतात तसे एका दमात तो उचलला. दारातून तिरका काढावा लागला. धक्क्याच्या टोकाला, जिथे बोट लागते, तिथे आम्ही तो पाण्याकडे तोंड करून ठेवला. लांबवर सागरी सेतू उन्हात चकाकत होता, आणि त्यावरून मोटारी न थांबता चालल्या होत्या.

वेळेवरची बोट अर्थातच आली नव्हती. आम्ही सोफ्यावर बसलो, आणि पाय पसरले.